अंडी तळणारी म्हातारी

युरोपच्या चित्रांत कष्टकरी बाई आली ती बऱ्याचदा देवाचं बोट धरून. चित्रकार पीटर आर्टसननं १५५१ साली पुढ्यात मांसाचं दुकान मांडलं आणि येशूचं कुटुंब मागे चिमुकलं करून ठेवलं. असल्या चित्रांच्या छापील प्रती स्पेनमध्ये सेव्हिलला पोचल्या. तिथं खाण्यापिण्याच्या, स्वयंपाकघराच्या अशा चित्रांना ‘बोदेगोन’ नाव पडलं. मूळ अर्थ, साधी खानावळ.

दिएगो वेलास्केस १६१७च्या मार्चमध्ये चित्रकार-संघाची परीक्षा पास झाला, तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. पुढच्याच वर्षीच्या त्याच्या दोन चित्रांत एकच म्हातारी बसलेली वाटते. एकात मागच्या चौकटीत बायबलमधला प्रसंग आहे. ‘अंडी तळणारी म्हातारी’मध्ये ती चौकटच नाही. देव गेला, शेगडी राहिली.

म्हातारीच्या एका हातात लाकडी पळी, दुसऱ्यात अंडं. मातीच्या भांड्यातल्या अंड्यांचं पांढरं नुकतंच धरू लागलंय. शेजारी पितळी खलबत्ता, कांदा, सुक्या मिरच्या. मिरची तेव्हा अमेरिकेतून स्पेनला येऊन शंभरेक वर्षंच झालेली. गोव्यात ती पोर्तुगीजांनी उतरवली. पांढऱ्या वाडग्यावर आडव्या ठेवलेल्या सुरीची सावली वाडग्याच्या खोलगटपणाबरोबर वाकते. चूकही आहे: भांड्यात आपण वरून डोकावतो, म्हातारी मात्र समोरून दिसते. पण भांडं सरळ धरलं असतं तर अंडी दिसलीच नसती!

सेव्हिलचे चित्रकार कॅनव्हासला नदीच्या गाळाची माती जवसाच्या तेलात घोटून तपकिरी अस्तर देत. सावलीचा भाग त्यामुळे आयता मिळे. तोटा नंतर कळतो: तेलरंग जुना झाला की पारदर्शक होतो, खालची माती वर दिसू लागते आणि पातळ रंगवलेल्या सावल्या काळवंडतात. जाड लावलेला शिशाचा पांढरा रंग टिकतो, म्हणून आज म्हातारीचं डोक्यावरचं वस्त्र पार्श्वभूमीतून सुटून पुढे येतं.

दरबारी चित्रकार कार्दुचोनं १६३३ साली असल्या ‘हलक्या’ विषयांवर झोड उठवली. वेलास्केसचा गुरू आणि सासरा पाचेको यानं १६४९ साली छापल्या गेलेल्या आपल्या ग्रंथात त्यांची बाजू घेतली. जावई रंगवतो तशी असतील तर ही चित्रं आदरालाच पात्र आहेत, असं त्याचं म्हणणं. तोवर जावई १६२३पासून माद्रिदला राजाची चित्रं काढत होता.

सेव्हिलमध्ये हा धागा पुढे चित्रकार मुरियोनं उचलला. म्युनिकच्या आल्टे पिनाकोथेक या संग्रहालयातल्या त्याच्या चित्रात आजी नातवाच्या उवा काढतेय आणि नातू खुशाल पाव खातोय.