वर्षफलाची वाट: बगदादहून गोदाकाठापर्यंत

वर्षफलाच्या, म्हणजे एका वर्षाचं भविष्य सांगणाऱ्या, पत्रिकेत मुंथा, सहम, हद्दा, इत्थशाल, ईसराफ असे शब्द भेटतात. वराहमिहिराच्या बृहज्जातक या जुन्या ज्योतिषग्रंथात यांतला एकही नाही. ते अरबी शब्द आहेत, संस्कृत छंदात बसताना थोडे घासले गेलेले. ज्या शास्त्राचे हे शब्द, त्याला आपल्याकडे ‘ताजिक’ म्हणतात, आणि ते कुठून आलं हे आपल्या जुन्या ज्योतिषांनी कधी लपवलं नाही. आज वर्षफल सरसकट ‘ऋषिप्रणीत’ म्हणून सांगितलं जातं, तेव्हा या पंडितांवर अन्याय होतो असं मला मनापासून वाटतं.

आधी वर्षफल म्हणजे काय ते पाहू. जन्माच्या वेळी सूर्य ज्या राशीत, ज्या अंश-कला-विकलांवर होता, नेमक्या त्याच जागी तो दरवर्षी परत येतो. तो क्षण म्हणजे वर्षप्रवेश. तारखेचा किंवा तिथीचा वाढदिवस आणि वर्षप्रवेश एकाच दिवशी येतील असं नाही. त्या क्षणाची कुंडली मांडायची आणि जन्मकुंडलीशेजारी ठेवून तेवढ्या एका वर्षापुरतं फळ वाचायचं. जन्माच्या वेळी पूर्वेला उगवत असलेली रास म्हणजे जन्मलग्न. तिथून दरवर्षी एक रास पुढे सरकणारा बिंदू म्हणजे मुंथा. वयाची १२ वर्षं पूर्ण झाली की ती पुन्हा जन्मलग्नात येते. वर्षलग्नापासून, म्हणजे वर्षप्रवेशाच्या वेळच्या लग्नापासून, चौथ्या, सहाव्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी मुंथा असली की ज्योतिषी सावध होतात. वर्षाचा राजा, म्हणजे वर्षेश, पाच अधिकाऱ्यांतून निवडतात: मुंथेचा स्वामी, जन्मलग्नेश, वर्षलग्नेश, त्रिराशिपती (वर्षलग्नाच्या राशीवरून आणि दिवस-रात्रीवरून ठरणारा ग्रह), आणि वर्षप्रवेश दिवसा असेल तर सूर्यराशीचा, रात्री असेल तर चंद्रराशीचा स्वामी.

यातली मुंथेची कल्पना ग्रीकांइतकी जुनी. पहिल्या शतकातला डोरोथिअस आणि दुसऱ्या शतकातला व्हेटिअस व्हॅलेन्स यांच्या लिखाणात वर्षाला एक रास सरकवण्याची ही रीत आहे. सहम म्हणजे ग्रहांच्या अंशांवरून गणितानं काढलेला बिंदू. त्यांतलं पुण्यसहम पाहा. दिवसाच्या कुंडलीत चंद्राच्या अंशांतून सूर्याचे अंश वजा करायचे आणि लग्न मिळवायचं. हेच गणित ग्रीक ज्योतिषी ‘भाग्याचा अंश’ काढायला करत. ही विद्या इराणमार्गे अरबी ग्रंथांत गेली. नवव्या शतकात बगदादच्या अबू मअशरनं फक्त वर्षकुंडल्यांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्याच शतकातल्या सहल इब्न बिश्रनं ग्रहांच्या परस्परसंबंधांचे जे प्रकार सांगितले, तेच पुढे आपल्याकडे ताजिकातले सोळा योग झाले. इत्थशाल हा त्यांतला सर्वांत महत्त्वाचा. शीघ्र ग्रह मंद ग्रहाच्या मागे असावा, दोघांत दृष्टी असावी, आणि अंतर दीप्तांशांच्या, म्हणजे ग्रहाचा प्रभाव पोचतो तेवढ्या अंशांच्या, आत असावं, म्हणजे काम होणार. सूर्याचे दीप्तांश १५, चंद्राचे १२, मंगळाचे ८. पाराशरी, म्हणजे आपल्याकडच्या रूढ, पद्धतीत दृष्टी मुख्यतः राशीवरून पाहायची सवय. इथे अंश मोजावे लागतात.

संस्कृतात हे आणणाऱ्यांत तेराव्या शतकातला, गुजरातेतल्या प्राग्वाट कुळातला समरसिंह अग्रणी. नंतरच्या जवळजवळ सगळ्या ताजिक ग्रंथांवर त्याची छाया आहे.

आणि मग हे शास्त्र आपल्या मुलखात रुजलं. कोकणातल्या नांदगावच्या केशव दैवज्ञानं ताजिकपद्धती लिहिली. ग्रहलाघवकार गणेश दैवज्ञ त्याचाच मुलगा. गोदावरीच्या खोऱ्यातलं पार्थपूर, म्हणजे आजच्या परभणी जिल्ह्यातलं पाथरी, हे दुसरं ठिकाण. १५०३ मध्ये सिद्धान्तसुंदर लिहिणाऱ्या ज्ञानराजाचा मुलगा सूर्यदास यानं ताजिकालंकार रचला, तर तिथल्याच ढुंढिराजाच्या गणेश नावाच्या मुलानं ताजिकभूषण. गोलग्रामच्या दिवाकराचा मुलगा विश्वनाथ यानं पुढे काशीला राहून टीका, म्हणजे ग्रंथांचा अर्थ उलगडणारी विवरणं, लिहिल्या. आणि ज्या ग्रंथावर आजही वर्षफलाची सगळी मदार आहे, ती ताजिकनीलकंठी शके १५०९ मध्ये, म्हणजे १५८७ साली, नीलकंठानं रचली. हे घराणं मूळचं विदर्भातल्या धर्मपूरचं. नीलकंठ अकबराच्या दरबारात मानाचा पंडित होता. मुहूर्तचिंतामणी लिहिणारा राम दैवज्ञ त्याचा सख्खा भाऊ. या रामाचा शिष्य बलभद्र. त्यानं शाहजहानचा मुलगा शाह शुजा याच्या आश्रयाला असताना राजमहाल इथे १६४९ मध्ये हायनरत्न पूर्ण केला आणि तोवरची ताजिकाची सगळी मतं एकत्र आणली.

परकी विद्या शिकावी का, हा प्रश्न या मंडळींनी टाळला नाही. यवनांची, म्हणजे परकीयांची, भाषा बोलू नये असं वचन पुढे ठेवणारे होतेच. त्यावर उत्तर म्हणून एक परंपरा सांगितली जाई: ब्रह्मदेवानं सूर्याला सांगितलं, सूर्यानं यवनाला, आणि यवनानं जे सांगितलं ते ताजिक. ग्रीकांच्या बाबतीत वराहमिहिरानं हजार वर्षं आधीच बृहत्संहितेत म्हटलं होतं की यवन म्लेंच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्याकडे नीट आहे, म्हणून त्यांचाही ऋषींसारखा मान होतो. मला ही भूमिका फार मोठी वाटते. घेतलं ते नाव घेऊन घेतलं, त्याला आपल्या गणिताची जोड दिली, आणि शब्दही तसेच ठेवले. १८९६ मध्ये शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी भारतीय ज्योतिषशास्त्राचा मराठीत इतिहास लिहिताना ताजिक यवनांकडून आल्याचं तितक्याच सरळपणे नोंदवलं आहे.

गणिताची जोड म्हणालो, तिथेच आजच्या वाचकाला एक अडचण येते. नीलकंठाची रीत अशी: गतवर्षांत त्यांचा चतुर्थांश मिळवायचा, ते दिवस, गतवर्षांना २१ नं गुणून ४० नं भागायचं, त्या घटिका (एक घटिका किंवा घटी २४ मिनिटांची, तिचा साठावा भाग म्हणजे पळ). हे जन्माच्या वार-घटी-पळांत मिळवून सातानं भागलं की बाकी राहील तो वर्षप्रवेशाचा वार आणि वेळ. यात वर्ष धरलं आहे ३६५ दिवस, १५ घटी, साडेएकतीस पळांचं, म्हणजे सूर्यसिद्धान्ताच्या मानाचं. आधुनिक वेधांनी येणारं नाक्षत्र, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भानं मोजलेलं, वर्ष त्याहून सुमारे साडेतीन मिनिटांनी लहान आहे. लहान मुलाच्या वर्षफलात हे जाणवणार नाही. पण पस्तिशीत हा फरक दोन तासांचा होतो, आणि सरासरी दोन तासांत लग्न बदलतं. पाश्चात्त्य ज्योतिषी तर सायन, म्हणजे ऋतूंशी जुळणारं, वर्ष धरतात. ते नाक्षत्र वर्षापेक्षा वीस मिनिटांनी लहान, म्हणून पस्तिशीत त्यांची वर्षकुंडली सुमारे बारा तास आधीची असते. एकाच माणसाच्या, एकाच वर्षाच्या दोन पत्रिकांत लग्न वेगळं दिसलं, तर चूक शोधण्याआधी दोघांनी कोणतं वर्षमान धरलं आहे ते विचारावं.