स्नायू उडण्याची धास्ती: एका लक्षणाची पार्श्वभूमी

नवरात्रात वडोदऱ्यात नऊ रात्री गरबा चालतो आणि दांडिया बाजार, रावपुरा या भागांतल्या मराठी घरांतील तरुण मंडळीही त्यात उशिरापर्यंत रमलेली असतात. दमलेल्या पोटऱ्या, अपुरी झोप आणि दिवसभरात नेहमीपेक्षा वाढलेला चहा असे सगळे एकत्र आले, की अंथरुणाला पाठ टेकताच पोटरीतला एखादा स्नायू आपोआप उडू लागतो. पूर्वी अशा वेळी घरातली वडीलधारी माणसे तेल चोळून निजायला सांगत. आता तोच तरुण मोबाइलवर कारण शोधतो, एएलएस, म्हणजे स्नायूंना आज्ञा देणाऱ्या चेतापेशी मरत जाऊन अंगातली शक्ती संपवणाऱ्या जीवघेण्या आजाराचे नाव वाचतो आणि त्यानंतरचे कित्येक आठवडे दिवसरात्र स्वतःच्या अंगाकडे पाहत राहतो. इतक्या साध्या हालचालीला इतके भयंकर नाव कसे चिकटले, हे समजून घ्यायचे तर जवळजवळ पावणेदोनशे वर्षे मागे जावे लागते.

अंगाच्या स्फुरणाचा अर्थ लावणे आपल्याला नवे नाही. पुरुषाचा उजवा आणि स्त्रीचा डावा डोळा लवला तर शुभ, ही समजूत अजून घरोघर ऐकू येते. कण्वाच्या आश्रमात पाऊल टाकताना कालिदासाच्या दुष्यंताचाही बाहू स्फुरतो. आयुर्वेदाने स्पंदनाची गणना वाताच्या लक्षणांत केली. यांपैकी कोणीही त्यात मृत्यूची चाहूल पाहिली नव्हती. ती आली एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमधून.

१८५० साली फ्रान्स्वा आराँ या फ्रेंच डॉक्टरांनी स्नायू हळूहळू झडत जाणाऱ्या रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्यात झडणाऱ्या स्नायूंमधील बारीक थरथरीचीही नोंद केली. पुढे साल्पेत्रिएर रुग्णालयात झां-मार्तं शार्को यांनी अशा रुग्णांना वर्षानुवर्षे तपासले आणि मृत्यूनंतर त्यांच्या मज्जारज्जूची तपासणी केली. स्नायूंना आज्ञा देणाऱ्या पेशी आणि मज्जारज्जूच्या बाजूचे तंतू असे दोन्ही नष्ट झालेले त्यांना आढळले. १८६९ पासून त्यांनी ही निरीक्षणे मांडली आणि १८७४ साली या आजाराला एएलएस हे आज रूढ असलेले नाव मिळाले. माझ्या मते आजच्या भीतीचे मूळ याच ठिकाणी आहे. ज्यांचे हात आधीच वाळलेले आहेत, पाय ताठरले आहेत आणि बोलणे अडखळू लागले आहे, अशाच माणसांच्या अंगावर डॉक्टरांनी हे लक्षण प्रथम बारकाईने पाहिले. निरोगी माणसाची पोटरी रात्री उडते की नाही, हे पाहायला त्या रुग्णालयात कोणी जाणार नव्हते. त्यामुळे वैद्यकाच्या पुस्तकात स्नायू उडणे शिरले ते अशक्तपणा आणि झड यांच्या सोबतीने, आणि पुढे वाचणाऱ्यांच्या मनात ती सोबत गळून पडून एकटे लक्षणच उरले.

गोंधळात भर पडली ती दोन वेगळ्या गोष्टींना बराच काळ एकच नाव दिले गेल्यामुळे. १९३८ साली डेनी-ब्राउन आणि पेनीबेकर या डॉक्टरांनी हा गुंता सोडवला. मज्जातंतूचा संबंध तुटलेला एकेक स्नायूधागा स्वतःच कंप पावू लागतो, पण ती हालचाल इतकी सूक्ष्म असते की त्वचेखाली ती सहसा दिसत नाही आणि स्नायूत सुई घालून त्यातील विद्युत हालचाल नोंदवणाऱ्या ईएमजी तपासणीतच कळते. याला त्यांनी फिब्रिलेशन म्हटले. त्याउलट एका चेतापेशीच्या ताब्यातील सगळे धागे एकदम आकुंचन पावले, तर त्वचेखाली डोळ्यांना दिसणारी उसळी येते आणि तिला फॅसिक्युलेशन म्हणतात. अशी उसळी आजारी चेतापेशीतून निघू शकते, तशी पूर्णपणे निरोगी चेतातंतू थोडा जास्त संवेदनशील झाला तरीही निघू शकते. उसळी आजारी पेशीची की निरोगी तंतूची, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही, म्हणून स्नायूची ताकद, त्याचा आकार आणि ईएमजी हे सगळे एकत्र पाहावे लागते.

निरोगी माणसांकडे वैद्यकाचे लक्ष वळायला आणखी वेळ लागला. १९४८ साली डेनी-ब्राउन आणि फोली यांनी अशा निरुपद्रवी फॅसिक्युलेशनचे वर्णन केले. १९६३ साली रीड आणि कर्लंड यांनी निरोगी लोकांनाच सरळ विचारले, तेव्हा सुमारे ७० टक्के लोकांनी आपले स्नायू अधूनमधून उडतात असे सांगितले. सर्वांत मोलाचा पुरावा १९९३ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधून आला. तपासणीत दुसरा कोणताही दोष न सापडलेल्या, फक्त स्नायू उडत असलेल्या १२१ जणांचा मागोवा २ ते ३२ वर्षे घेतला गेला आणि त्यांतल्या एकालाही एएलएस झाला नाही. लगेच पुढच्या वर्षी आयझेन आणि स्टुअर्ट यांनी याला क्वचित अपवाद असू शकतो, हेही नोंदवले. हा अपवाद लपवू नये. मात्र त्याच्याच आधारे प्रत्येकाने स्वतःचे निदान करून घ्यावे, इतका तो मोठा नाही. युरोपात दरवर्षी लाखामागे दोन-तीन जणांना हा आजार नव्याने होतो, तर स्नायू उडण्याचा अनुभव बहुतेकांच्या वाट्याला कधी ना कधी येतो.

या धास्तीने आधी पछाडले ते डॉक्टरांना आणि वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना, कारण वैद्यकाची पुस्तके फक्त त्यांच्याच हाती होती. २०१३ साली ऑस्ट्रेलियातील तज्ज्ञांनी डॉक्टरांमधील या चिंतेला स्वतंत्र नावही दिले. सामान्य वाचकाला आजार ठाऊक झाला तो १९६३ साली, अवघ्या एकविसाव्या वर्षी निदान झालेल्या स्टीफन हॉकिंग यांच्यामुळे आणि नंतर २०१४ च्या, या आजारासाठी डोक्यावर बर्फाच्या पाण्याची बादली ओतून घेण्याच्या मोहिमेमुळे. त्या मोहिमेने संशोधनाला मोठा निधी मिळवून दिला, हे तिचे श्रेय आहेच. पण आजाराचे नाव जितके दूर पोहोचले, तितकी १९६३ आणि १९९३ सालची ती दोन संशोधने मात्र पोहोचली नाहीत.

भारतातील चित्राला थोडी वेगळी बाजू आहे. १९७० साली मद्रासच्या डॉक्टरांनी तरुण वयात सुरू होणारा, बहिरेपणासह येणारा आणि सावकाश वाढणारा चेतापेशींचा आजार नोंदवला. बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू व मज्जासंस्थेच्या आजारांवरील संस्थेतून २००८ साली १,१५३ एएलएस रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यात आजार सुरू होण्याचे सरासरी वय ४६ च्या आसपास, म्हणजे पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आढळले. म्हणून 'तू अजून लहान आहेस, तुला काही होणार नाही' एवढे सांगून माणसाला परत पाठवणे बरे नव्हे. त्याला तपासून धीर द्यावा. थायरॉइडचा विकार, रक्तातील कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमची कमतरता, दम्याची काही औषधे, मानेत दबलेली नस, आणि शेतावर फवारणी करणाऱ्यांच्या बाबतीत ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकांची विषबाधा, अशी कितीतरी कारणे या तपासणीत उघडकीस येऊ शकतात. शेवटचे कारण असेल तर तातडीने रुग्णालय गाठावे लागते.

भीतीलाही शारीरिक बाजू आहे. काळजीने झोप उडते, आणि काळजी व जागरण ही दोन्ही स्नायू उडण्याची ओळखीची कारणे आहेत. त्यात लक्ष सतत अंगावर खिळले, की एरवी न जाणवणारी बारीकशी उसळीही जाणवू लागते. या चक्रात सापडलेल्या माणसाचा त्रास खरा असतो आणि घरच्यांनी तो हसण्यावारी नेला तर तो माणूस अधिकच एकटा पडतो.

निदानाचे निकषही या इतिहासाबरोबर बदलत गेले. जपानमधील आवाजी बेटाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या आवाजी निकषांनी ईएमजीतील फॅसिक्युलेशनला पूर्वीपेक्षा जास्त वजन दिले, तेही त्याच स्नायूत मज्जातंतूच्या जुन्या हानीच्या खुणा असतील तरच. २०२० च्या गोल्ड कोस्ट निकषांत पहिली अट आहे ती हालचालींची शक्ती उत्तरोत्तर कमी होत असल्याच्या नोंदीची. त्यामुळे शर्टाचे बटण लावताना बोटांना बळ न मिळणे, चालताना पाऊल घसटणे, जीभ जड होऊन शब्द अडखळणे, हाताचा किंवा पायाचा स्नायू बारीक होत जाणे, यांपैकी काही दिसले तर न्यूरोलॉजिस्टकडे जाण्यात वेळ घालवू नये. यांतले काहीच नसले आणि पहिली तपासणी निर्दोष आली, तर डॉक्टर काही महिन्यांनी पुन्हा बोलावून तीच ताकद, तेच स्नायू परत तपासतात.