भूतखांबच्या सड्यावरचा प्रश्न

फोंडा तालुक्यातल्या केरी गावाच्या माथ्यावर भूतखांबचा सडा, म्हणजे खडकाळ पठार, आहे. सगळा जांभा. पावसाचे पाणी त्यात मुरते, पायथ्याला झरीतून बाहेर येते आणि पाटापाटाने पोफळींच्या, मिरवेलींच्या मुळाशी जाते. कुळागर, म्हणजे पोफळी-मिरवेलींची ही बाग, राखणाऱ्याला हे कोणी शिकवावे लागत नाही. या सड्यावर थापर-ड्यूपॉन्ट कंपनीचा नायलॉन ६,६ या कृत्रिम धाग्याचा प्रकल्प येणार म्हटल्यावर धास्ती होती ती याच पाण्याची. जानेवारी १९९५ मध्ये आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण गेला. त्यानंतर कंपनीने गोवा सोडला व प्रकल्प तामिळनाडूत नेला.

सड्यावरच्या वादाचे मूळ एकच होते: पुरावा कोणी द्यायचा? घातक आहे हे गावाने, की निर्धोक आहे हे कारखान्याने?

कायद्याच्या भाषेत याला सावधगिरीचे तत्त्व म्हणतात. ते १९७०च्या दशकात जर्मनीच्या पर्यावरण धोरणात रुजले. १९९२च्या रिओ जाहीरनाम्यातल्या पंधराव्या तत्त्वाने ते जगभर नेले: गंभीर किंवा भरून न येणाऱ्या हानीचा धोका असेल, तर पूर्ण वैज्ञानिक खात्री नाही ही सबब सांगून उपाय लांबवायचे नाहीत. २८ ऑगस्ट १९९६ रोजी वेल्लोरच्या कातडी कमावण्याच्या कारखान्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग मानले आणि पुराव्याचे ओझे उद्योजकावर टाकले. म्हणजे केरीनंतर दीड वर्षाने.

तोवरचा आपला रसायनविषयक कायदा बहुतेक मढी मोजून झाला आहे. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन हे कीटकनाशक मिसळलेले पीठ खाऊन शंभरावर माणसे मेली. कीटकनाशक कायदा आला १९६८ मध्ये. भोपाळ १९८४चे, पर्यावरण संरक्षण कायदा १९८६चा, घातक रसायने हाताळण्याचे नियम १९८९चे. गोव्याने हा क्रम घरच्या किनाऱ्यावरच पाहिला होता. १९७०च्या दशकात सांकवाळच्या खत कारखान्याच्या सांडपाण्याने वेळसांवच्या समुद्रात मासे मेले, तेव्हा रांपणकार, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणारे मच्छीमार, रस्त्यावर आले. केरीचा हट्ट समजून घ्यायचा तर ही आठवण धरूनच.

हा क्रम उलटवण्याचा मोठा प्रयत्न युरोपने केला. तिथे १ जून २००७ पासून लागू झालेल्या ‘रीच’ नियमावलीत वर्षाला एक टनापासून पुढे रसायन बनवणाऱ्याने वा आयात करणाऱ्याने आधी माहिती द्यायची; माहिती नाही तर बाजारही नाही. आपल्याकडे हे तत्त्व न्यायालयाच्या निकालांत ठळक आणि कचेरीच्या फायलींत पुसट. केरळातल्या कासरगोडच्या काजूबागांवर एंडोसल्फान या कीटकनाशकाची हवाई फवारणी सुमारे दोन दशके चालली. सर्वोच्च न्यायालयाने देशभर बंदी घातली ती १३ मे २०११ रोजी, सावधगिरीच्या तत्त्वाचाच आधार घेऊन. त्या वेळी तिथल्या आजारांना तेवढेच कीटकनाशक कारणीभूत का, यावर वाद चालूच होता. खरे तर हे तत्त्व आहे ते अशाच वादासाठी. वाद मिटल्यावर लागतो तो साधा दंडाचा कायदा.

आणि भूतखांब? कंपनी गेल्यावर काही वर्षांनी त्याच सड्यावर औषध उद्योगासाठी विशेष आर्थिक क्षेत्र (सेझ) आखले गेले. गोवाभर सेझविरोधी चळवळ पेटली आणि २००७ सरता सरता राज्य सरकारने सेझचे धोरण गुंडाळले. या खेपेला जमिनीच्या व्यवहारांवर पुष्कळ बोलले गेले. केरीत मात्र झरीच्या पाण्याचा विषय पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागला.