टर्बोचा इनटेक पाइप घरी बदलण्यापूर्वी

या खोक्यात तुमचा नवा इनटेक पाइप आहे. बॉनेट उघडण्याआधी हे पत्रक एकदा शेवटपर्यंत वाचा, ही कळकळीची विनंती. काम अवघड नाही. साधी हत्यारे आणि सवड असली की बहुतेक गाड्यांवर ते घरी नीट होते. पण मधली काही मिनिटे टर्बोचे, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या यंत्राचे, तोंड उघडे असते. त्या मिनिटांत झालेली चूक पाइपवर निभावत नाही, ती थेट टर्बोवर बेतते. म्हणून पत्रकाचा बराच भाग त्याच मिनिटांसाठी आहे.

पाइप नेमका कोणता?

एअर फिल्टरच्या डब्यातून निघून टर्बोच्या कॉम्प्रेसरला, म्हणजे हवा दाबणाऱ्या भागाला, जाऊन मिळतो तो इनटेक पाइप. टर्बोतून इंटरकूलरकडे (दाबलेली हवा गार करणाऱ्या जाळीकडे) आणि तिथून इंजिनाकडे जातात ते प्रेशरचे पाइप. दोन्ही काळे, दोन्ही वळणावळणाचे, आणि बोलताना दोन्हींना सरसकट ‘टर्बो पाइप’च म्हटले जाते. ऑर्डर घेताना आम्ही ‘कुठून कुठे जातो?’ असे खोदून विचारतो ते त्यासाठीच.

लक्षणेही वेगळी असतात. प्रेशरचा पाइप फुटला की दाबाखालची हवा बाहेर निसटते. गाडीचा पिकअप जातो, डिझेल गाडी काळा धूर सोडते, स्कॅनरवर (गाडीतले दोषाचे कोड वाचणाऱ्या यंत्रावर) बहुधा पी०२९९, म्हणजे टर्बोचा दाब कमी, हा कोड दिसतो. इनटेक पाइपला चीर गेली की उलट घडते, बाहेरची हवा आत ओढली जाते. हवा मोजणारा सेन्सर फिल्टरच्या डब्यापाशी असतो आणि चीर त्याच्या पुढे, त्यामुळे या चोरवाटेने आलेली हवा मोजलीच जात नाही. पेट्रोल गाडीत मिश्रण पातळ होते (हवा जास्त, पेट्रोल कमी), आयडलिंग डळमळते, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि पी०१७१ असा कोड येऊ शकतो. काही गाड्यांत हा सेन्सरच नसतो. तिथे दिवा लागेलच असे नाही, आणि चीर महिनोन्‌महिने लपून राहते.

दिव्यापेक्षा आम्हाला जास्त धास्ती धुळीची वाटते. हा पाइप फिल्टरच्या पुढे आहे. त्याला चीर गेली म्हणजे फिल्टर कितीही नवा असला तरी रस्त्यावरची धूळ त्याला वळसा घालून आत जाणार. टर्बोतले कॉम्प्रेसरचे चाक बहुधा ॲल्युमिनियमचे असते आणि जोरात चालताना मिनिटाला लाखाच्या पुढे फेरे घेते, लहान टर्बोत तर दोन लाखांच्याही वर. त्या वेगाला धुळीचा कण पात्यांच्या कडा खरवडत जातो, आणि पुढे सिलिंडरमध्ये पोहोचून पिस्टनच्या रिंगाही घासतो. ‘तूर्तास टेप गुंडाळतो, पुढच्या महिन्यात बघू’ असे कृपया करू नका. तेलाच्या वाफेने आणि उष्णतेने टेपचा गोंद सुटतो. मग टेप चिरेतून आत खेचली जाते, आणि पुढे टर्बोच असतो.

जुना का गेला, ते आधी पाहा

नवा पाइप बसवण्याआधी जुना हातात घेऊन दाबून, वाकवून पाहा. इंजिनाच्या ब्रीदरची (आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या भागाची) नळी बहुधा याच पाइपला जोडलेली असते. तिच्यातून तेलाची वाफ येते आणि आतून तेलाचा पातळ थर धरतो. एवढे अगदी सामान्य आहे, घाबरू नका. पण वर्षानुवर्षे तेल खाल्लेले रबर फुगते, मऊ पडते आणि क्लॅम्पच्या (पाइप आवळून धरणाऱ्या पट्टीच्या) कडेला फाटते. प्लॅस्टिकचे पाइप उलट कडक होतात आणि नेमके घड्यांच्या खोबणीत तडकतात, कारण इंजिन हलते आणि फिल्टरचा डबा जागचा हलत नाही. पाइप मधोमध चपटा झालेला दिसला तर एअर फिल्टर तपासा. फिल्टर तुंबला की टर्बोची ओढ वाढते आणि मऊ पाइप आत चेपतो. तोच फिल्टर तसाच ठेवून नवा पाइप बसवलात, तर त्याचीही तीच गत होईल.

पाइपात तेलाचे थारोळे असेल तर मात्र थांबा. तो पाइपचा दोष नाही. ब्रीदर तुंबलेला असू शकतो, टर्बोचे सील गेलेले असू शकते किंवा इंजिनात तेल प्रमाणाबाहेर भरलेले असू शकते. ते मेकॅनिकला दाखवून मगच पुढे जा.

काही जण आमच्याकडे सिलिकॉनचा पाइप मागतात. साधे सिलिकॉन उष्णता उत्तम सोसते, तेल मात्र नाही, ते हळूहळू तेलाने पाझरू लागते. ब्रीदर जोडलेल्या पाइपला सिलिकॉन घ्यायचे तर आतून फ्लुओरोसिलिकॉनचा थर असलेलेच घ्या.

काम सुरू करताना

गाडी सपाट जागेवर लावा, हँडब्रेक ओढा आणि इंजिन पूर्ण गार होऊ द्या. रात्रभर उभी असलेली गाडी सगळ्यात चांगली. टर्बोची एक्झॉस्टकडची बाजू शेकडो अंश तापते आणि आपण हात घालतो तो तिच्या शेजारीच. इग्निशन बंद ठेवा, किल्ली खिशात घाला. बॅटरीची तार काढायची की नाही, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहा.

हत्यार लावून काहीही उघडण्याआधी मोबाइलवर सगळ्या जोडण्यांचे फोटो काढा. मग ब्रशने किंवा ओलसर फडक्याने पाइपच्या दोन्ही टोकांभोवतीची धूळ आणि चिखल पुसून घ्या. ही पायरी बहुतेक जण गाळतात. क्लॅम्पच्या कपारीत साठलेली वाळू पाइप उपसताना सरळ टर्बोच्या तोंडात पडते.

मग वरचे कव्हर काढा, सेन्सरचा कनेक्टर त्याची खिटी दाबून सोडवा आणि ब्रीदरची नळी मोकळी करा. वायर धरून ओढू नका. जुन्या प्लॅस्टिकच्या खिट्या चटकन मोडतात, त्यांना घाई चालत नाही. सेन्सरच्या आतल्या भागाला बोट किंवा कापड लावू नका. क्लॅम्प स्क्रूचा असेल तर पुरता सैल करा. स्प्रिंगचा असेल तर पकडीने दाबून मागे सरकवा, आणि डोळ्यांना चष्मा हवाच. कानाचा, म्हणजे बाजूचा उंचवटा पकडीने दाबून आवळलेला, क्लॅम्प एकदाच वापरायचा असतो. तो कापून टाका आणि नवा घ्या.

पाइप चिकटला असेल तर आधी पिळा, मग ओढा. स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटू नका. टर्बोचे तोंड ॲल्युमिनियमचे असते, त्यावर पडलेला ओरखडा पुढे कायम हवा ओढत राहतो.

टर्बोचे तोंड उघडे असताना

पाइप निघाल्याबरोबर, दुसरे काहीही करण्याआधी, टर्बोच्या तोंडावर स्वच्छ, धागे न सुटणारे फडके बसवा. फडके मोठे घ्या, त्याचे टोक बाहेर लोंबत राहू द्या आणि रंग भडक असू द्या. छोटा बोळा आत ढकलू नका. तो विसरला जातो, आणि इंजिन सुरू होताच चाकात जातो. एक चिठ्ठी लिहून स्टिअरिंगवर चिकटवा: ‘फडके आत आहे.’ पोरखेळ वाटेल, पण आम्ही स्वतः आजही हेच करतो. फडके काढल्याशिवाय चिठ्ठी काढायची नाही.

जुना पाइप आता उजेडात नीट जुळवून पाहा. त्याचा एखादा तुकडा, ओ-रिंग (जोडातले गोल रबरी कडे), क्लॅम्पचा स्क्रू कमी आहे का? असेल तर तो सापडेपर्यंत इंजिन सुरू करायचे नाही. आधी पाइपच्या आत, मग खालच्या कव्हरवर, मग टर्बोच्या तोंडात टॉर्च मारून शोधा. नाहीच सापडला तर गाडी टो करून न्या. सुरू करून ‘काही होतंय का’ ते पाहण्याची जोखीम घेऊ नका.

टॉर्च हातात आहेच, तर चाकाची पातीही पाहून घ्या. कडा सरळ आणि धारदार असाव्यात. टवका, वाक किंवा कडा गोलावलेल्या दिसल्या तर धूळ किंवा काहीतरी आधीच आत गेलेले आहे. चाकाचा मधला भाग बोटाने हलकेच आडवा हलवा. बुश बेअरिंगच्या (दांडा तेलाच्या थरावर फिरतो अशा) टर्बोत तेलाचा दाब नसताना थोडा आडवा खेळ असतो, तो चालतो. आत-बाहेर खेळ हाताला जाणवला, किंवा पाती कडेच्या भिंतीला घासली, तर नवा पाइप बसवून उपयोग नाही.

नवा बसवताना

जुना आणि नवा शेजारी ठेवा. वळणे, लांबी, तोंडाचा व्यास आणि बाजूच्या फाट्यांची संख्या तंतोतंत जुळली पाहिजे. एखादा फाटा जास्त असेल आणि तो उघडा राहिला, तर नवी चीरच लावून घेतल्यासारखे होईल.

नव्या पाइपच्या आतून एकदा आरपार पाहा. पॅकिंगचे टोपण किंवा कागद आत राहिलेला नसावा. ओ-रिंगला स्वच्छ इंजिन ऑइलचे एक-दोन थेंब लावा, रबरी तोंडाला साबणाच्या पाण्याचा ओलावा पुरे. ग्रीस लावू नका. सीलंट तर मुळीच नको. त्याचे सुकलेले कण सुटून आत जातात, आणि काही सिलिकॉन सीलंटच्या वाफा ऑक्सिजन सेन्सरही खराब करतात.

फडके काढा, चिठ्ठी काढा, आणि पाइप आधी टर्बोच्या बाजूने बसवा. तो शेवटपर्यंत टेकला पाहिजे. क्लॅम्प पाइपच्या काठापासून थोडा आत आणि सरळ बसवा. स्क्रूचा क्लॅम्प साधारण ३ ते ५ न्यूटन-मीटर एवढाच आवळायचा असतो. पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो धरा. क्लॅम्पच्या खोबणीतून रबर वर फुगून आले, की जास्त आवळले आहे.

इंजिन सुरू करून काही मिनिटे आयडलिंगवर राहू द्या आणि कान द्या. फुसफुस किंवा नवी शिट्टी ऐकू आली तर बंद करून जोड पुन्हा पाहा. गळती शोधण्यासाठी ब्रेक क्लीनर किंवा स्टार्टर स्प्रे मारू नका. तापल्या इंजिनावर पेट घ्यायला एवढे पुरते. गॅरेजमधली धुराची चाचणी, म्हणजे पाइपांत धूर सोडून तो कुठून निसटतो ते पाहणे, हा सुरक्षित मार्ग. जुना कोड स्कॅनरने पुसून घ्या. २०-२५ किलोमीटर चालवून, इंजिन गार झाल्यावर, क्लॅम्प पुन्हा एकदा तपासा. नवे रबर उष्णतेने थोडे बसते, त्यामुळे अर्धा फेरा सैल झालेला आढळू शकतो.

पाइप बसत नसेल तर कापू नका, तापवू नका. बसवून न पाहिलेला पाइप आम्ही बदलून देतोच. बसवून पाहिलेला असेल, तरी जुन्याशेजारी ठेवलेल्या नव्याचा फोटो आणि गाडीचा चासी नंबर कळवा. गफलत आमच्याकडून झाली असेल, तर योग्य पाइप आमच्या खर्चाने पाठवू. तोवर टर्बोच्या तोंडावर फडके आणि स्टिअरिंगवर चिठ्ठी राहू द्या.