व्हर्जिल कार्टरचा हात आणि मैदानाची रुंदी

संघ हरतो आहे, क्वार्टरबॅकच्या हातात लांब पास टाकायचं बळ नाही आणि हंगामाच्या मध्यावर दुसरा कुणी मिळण्याची आशा नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये दर दोन-चार वर्षांनी कुठल्या ना कुठल्या शहरावर ही वेळ येते. मग चर्चा सुरू होते: खेळाडूला आराखड्यात कोंबायचं, की आराखडाच त्याच्या मापाने नव्याने बेतायचा? आज दुसरा पर्याय सगळ्यांना सहज सुचतो. १९७० साली तो तसा सुचत नव्हता. ज्या संघाने तो निभावून दाखवला, तो म्हणजे ओहायो नदीकाठच्या सिनसिनाटी शहराचा बेंगल्स.

ज्यांनी हा खेळ फारसा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढंच, की आक्रमण करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकावं लागतं. सरकला तर पुन्हा चार प्रयत्न, नाहीतर चेंडू समोरच्यांकडे. प्रत्येक प्रयत्नाची सुरुवात क्वार्टरबॅकच्या हातून होते. म्हणून त्याची उणीव ही सगळ्या संघाची उणीव ठरते.

बेंगल्सची गोष्ट मात्र दुबळ्या हातापासून सुरू होत नाही, ती सुरू होते एका असामान्य हातापासून. पॉल ब्राउन यांनी १९६८ साली हा संघ मैदानात उतरवला आणि पहिल्या वर्षी १४ पैकी तीनच सामने जिंकले. १९६९ मध्ये त्यांना ग्रेग कुक मिळाला. शहरातल्याच विद्यापीठात खेळलेला, उंचापुरा, आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत चेंडू पोहोचवणारा. आक्रमणाची आखणी सांभाळणारे साहाय्यक प्रशिक्षक बिल वॉल्श त्याआधी ओकलंडमध्ये खोल, लांब पासची पद्धत शिकून आले होते. कुकसाठी ती जणू मुद्दाम घडवलेली होती. त्या मोसमात त्याच्या प्रत्येक पासमागे सरासरी ९.४ यार्ड पडले. पहिल्या वर्षीच्या क्वार्टरबॅकसाठी हा आकडा आजही थक्क करणारा आहे.

पण तिसऱ्याच सामन्यात, कॅन्सस सिटीविरुद्ध, त्याचा उजवा खांदा जमिनीवर आपटला. स्नायू फाटला होता आणि ते तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. काही आठवडे बाहेर बसून तो परतला आणि दुखणं सोसत उरलेला हंगाम खेळला. त्यानंतर शस्त्रक्रिया झाल्या, पण त्याची कारकीर्द तिथेच संपली. १९७३ मध्ये एका सामन्यात तीन पास टाकण्यापुरता तो परत दिसला. अमेरिकन फुटबॉलच्या इतिहासातलं हे मला सर्वांत चटका लावणारं पान वाटतं. वॉल्श यांनी पुढे किती थोर क्वार्टरबॅक घडवले, तरी कुकचं नाव ते शेवटपर्यंत हळहळत घेत राहिले.

१९७० चा हंगाम जवळ आला तेव्हा बेंगल्सकडे होते सॅम वाइश आणि ऐनवेळी आणलेला व्हर्जिल कार्टर. शिकागोने सोडलेला, बफेलोमार्गे आलेला. कार्टरचा हात लांब पल्ल्याचा नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण तो चपळ होता, अचूक होता आणि डोक्याने विलक्षण तल्लख होता. ही तल्लख बुद्धी नुसती मैदानापुरती नव्हती. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात शिकताना त्याने रॉबर्ट मॅकोल या प्राध्यापकांबरोबर १९६९ च्या हंगामातल्या ८,३७३ चाली मांडून हिशेब केला, की मैदानाच्या कुठल्या रेषेवर चेंडू हाती असणं सरासरी किती गुणांचं असतं. स्वतःच्या गोलरेषेला खेटून चेंडू हाती असेल तर ते मोल चक्क उणे भरतं, हे त्यातून निघालं. १९७१ साली तो लेख छापून आला. आज प्रत्येक संघाचे विश्लेषक ज्या पायावर आकडेमोड करतात, तो पाया एका खेळत्या क्वार्टरबॅकने घातला, हे सांगताना मला फार आनंद होतो.

आता वॉल्श यांच्यापुढचं कोडं पाहा. त्या काळी पास टाकणं आजच्याइतकं सोपं नव्हतं. चेंडू हवेत जाईपर्यंत बचावपटू रिसीव्हरला, म्हणजे पास झेलणाऱ्या खेळाडूला, मैदानभर ढकलत, अडवत राहू शकत. पाच यार्डांच्या पलीकडे ते करायला बंदी आली ती १९७८ मध्ये. लांब धावणारा रिसीव्हर मोकळा व्हायला वेळ लागे, आणि नव्या संघाची पुढची फळी क्वार्टरबॅकला तेवढा वेळ मिळवून देऊ शकत नव्हती. म्हणजे हातही आखूड आणि वेळही अपुरा.

आपल्याकडे म्हणतात, अंथरूण पाहून पाय पसरावे. वॉल्श यांनी अंथरूणच आडवं घातलं. मैदानाची लांबी कार्टरच्या हाताबाहेर होती, पण रुंदी साडेत्रेपन्न यार्डांना थोडी कमी, आणि ती अख्खी त्याच्या आवाक्यातली. मग चेंडू पुढे फेकण्याऐवजी बाजूला, आखूड, लगेच आणि पळत्या माणसाच्या हातात. उरलेले यार्ड पायांनी मिळवायचे. क्रिकेटमध्ये षटकार न जमणारा फलंदाज मोकळ्या जागा हेरून एकेरी-दुहेरी धावांवर धावफलक हलता ठेवतो, तसंच हे.

यातली एक चाल जवळून पाहिली की कल्पना उलगडते. कार्टर चेंडू घेतो आणि मोजून तीन पावलं मागे जातो. तिसरं पाऊल टेकतं त्याच क्षणी बाहेरचा रिसीव्हर तिरका आत वळलेला असतो आणि धावपटू कडेच्या रेषेकडे पळत सुटलेला असतो. मधल्या बचावपटूला दोघांपैकी एकालाच गाठता येतं. कार्टरने पाहायचं ते त्या एका माणसाकडे. तो बाहेर सरकला तर पास आत, आत थांबला तर पास बाहेर. दोन्ही वाटा बंद झाल्या, तर टाइट एंड (अडवणं आणि झेलणं दोन्ही करणारा खेळाडू) बॉब ट्रम्पी मध्ये उभा आहेच. पावलं आणि रिसीव्हरचं वळण यांची सांगड इतकी घट्ट, की चेंडू हात सोडतो तेव्हा घेणारा अजून वळतच असतो. यात ताकद लागत नाही. लागते ती नजर, लय आणि पाठांतर, आणि हे तिन्ही कार्टरकडे भरपूर होतं.

निकाल लगेच लागला नाही. नव्या रिव्हरफ्रंट स्टेडियमवर ओकलंडला ३१-२१ हरवून सुरुवात झाली, आणि मग ओळीने सहा पराभव. १-६ अशा अवस्थेतून त्या संघाने उरलेले सातही सामने जिंकले. त्यातला क्लीव्हलंडविरुद्धचा १४-१० हा विजय ब्राउन यांच्यासाठी किती मोठा असेल! क्लीव्हलंडचा संघ त्यांच्याच नावाने उभा राहिला होता आणि १९६३ च्या सुरुवातीला त्यांना तिथूनच काढून टाकलं होतं. अखेर ८-६ अशा कामगिरीवर बेंगल्सनी गटाचं विजेतेपद घेतलं. पुढच्या फेरीत बाल्टिमोरने त्यांना १७-० ने गारद केलं.

इथे श्रेय नीट वाटायला हवं. त्या सात विजयांत बचावफळीचा वाटा मोठा होता. कार्टरने त्या वर्षी जेमतेम निम्म्याहून थोडे जास्त पास पूर्ण केले. १९७१ मध्ये त्याने ६२.२ टक्के पास पूर्ण करून लीगमध्ये पहिला क्रमांक पटकावला, आणि त्याच वर्षी संघ ४-१० असा आपटला. मला वाटतं, खरी कमाई त्या एका हंगामाची नव्हतीच. एका माणसाच्या उणिवेसाठी बेतलेली पद्धत, ती उणीव नसलेल्या माणसाच्या हातात पडल्यावर दुप्पट फुलते, हे वॉल्श यांना तिथे उमगलं. १९७१ मध्ये आलेल्या केन अँडरसनने ते सिद्ध केलं. १९७४ साली पिट्सबर्गविरुद्ध त्याने २२ पैकी २० पास पूर्ण केले.

हीच गोष्ट २०११ च्या डेन्व्हरमध्ये घडली नाही. १-४ वर अडकलेल्या त्या संघाने क्वार्टरबॅक टिम टीबोसाठी आक्रमण पळण्यावर आणून ठेवलं. कॅन्सस सिटीविरुद्धचा एक सामना तर त्याने अवघे दोन पास पूर्ण करून जिंकला. संघ ८-८ वर पोहोचला, प्लेऑफचा (हंगामानंतरच्या बाद फेरीचा) एक सामनाही जिंकला. पण तो आराखडा टीबोपुरताच होता. पुढच्या वर्षी क्वार्टरबॅक म्हणून पेटन मॅनिंग आला आणि सगळं मोडीत निघालं.

१९७६ च्या पहिल्याच दिवशी ब्राउन यांनी प्रशिक्षकपद सोडलं, पण वारस म्हणून वॉल्श यांना निवडलं नाही. वॉल्श सॅन डिएगो, मग स्टॅनफर्ड करत १९७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचले. तिथे पहिल्या वर्षी स्टीव्ह डिबर्गने ३४७ पास पूर्ण करून लीगचा विक्रम मोडला, तरी संघ २-१४ राहिला. बचाव उभा राहायला आणखी दोन वर्षं लागली. पुढे या पद्धतीला ‘वेस्ट कोस्ट’ हे नाव चिकटलं, जे मुळात सॅन डिएगोच्या वेगळ्याच परंपरेसाठी वापरलं गेलं होतं. जन्म ओहायोत, नाव पॅसिफिक किनाऱ्याचं. सिनसिनाटीवर हा अन्यायच झाला.

२४ जानेवारी १९८२ रोजी सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, सॅन फ्रान्सिस्कोसमोर नेमका बेंगल्सच उभा होता. एकीकडे वॉल्श यांचा जो मोंटाना, दुसरीकडे त्यांनीच घडवलेला अँडरसन. अँडरसनने ३४ पैकी २५ पास पूर्ण केले. तोवर सुपर बोलमध्ये एवढे पास कुणीच पूर्ण केले नव्हते. सामना सॅन फ्रान्सिस्कोने २६-२१ असा जिंकला.