शिक्षण झालं म्हणजे मनाचा आजार कळतोच, असं नाही

"एवढा शिकलेला मुलगा, त्याला कसलं आलंय डिप्रेशन?" हे नाशिकमध्ये गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्येही ऐकू येतं आणि निफाडच्या मळ्यातही. साक्षरता आणि मानसिक आरोग्याची साक्षरता, या दोन गोष्टींची इथे गल्लत होते.

लिहिता-वाचता येणं ही पहिली. 2011 च्या जनगणनेत नाशिक जिल्ह्यात तिचं प्रमाण सुमारे 82 टक्के होतं. तिचा मनाला आधार होतो, पण आडवाटेने: कर्जाचा कागद वाचता येतो, बरी नोकरी मिळते, कुणी सहजासहजी फसवू शकत नाही.

दुसरीची कल्पना ऑस्ट्रेलियातले संशोधक अँथनी जॉर्म यांनी 1997 मध्ये मांडली. आजार ओळखता येणं, त्यावर उपचार आहेत आणि ते कुठे मिळतात हे ठाऊक असणं. ही पदवीसोबत येत नाही. गारपिटीने द्राक्षबाग झोडपली तर माणूस खचणारच, त्याला कुणी आजार म्हणणार नाही. पण दोन आठवडे उलटले तरी उदासी हटत नाही, झोप उडालीय, अन्नावर वासना नाही, बागेकडे फिरकावंसंही वाटत नाही, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. मरणाची भाषा आली तर एक दिवसही थांबू नये. अशा वेळी पदवीधर भाऊ "मन रमव" सांगून मोकळा होतो आणि शाळेची पायरी न चढलेली आजी म्हणते, "पोरगं पहिल्यासारखं राहिलं नाही, दवाखान्यात न्या." मला आजीचं पटतं.

औषधांचंही तसंच. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला बहुधा दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. हे कुणी सांगितलेलं नसेल, तर आठव्या दिवशी पाकीट कपाटात जातं.

आणि कळूनही वळता येत नाही, ते परिस्थितीमुळे. सुरगाण्याहून नाशिकला यायचं तर एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी. शहरात पैसा असतो, पण "बहिणीचं लग्न जमायचं नाही" म्हणून दवाखान्याची फाईल लपवतात. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत 12 राज्यांमध्ये, आजारानुसार 70 ते 92 टक्के रुग्ण उपचारांविना आढळले.

टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास, मोफत आणि मराठीतूनही चालतो. ज्याला वाचता येत नाही, त्याला तो लावून द्या आणि फोन त्याच्या हातात देऊन जरा बाजूला व्हा, म्हणजे त्याला मोकळेपणी बोलता येईल.