गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची ओपीडी तपासणी: पात्रता, कागदपत्रं आणि पुढच्या फेऱ्या

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची ही चाचणी काहीही त्रास नसतानाच करायची. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे ती वयाच्या 30व्या वर्षी सुरू करायची, एचआयव्ही असल्यास 25व्या. एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणारा विषाणू) चाचणी निगेटिव्ह आली तर पुढची 5 ते 10 वर्षांनी, एचआयव्ही असल्यास 3 ते 5 वर्षांनी. एचपीव्हीची लस घेतली म्हणून सुटका नाही. ‘माझी पिशवी काढलीय’ म्हणणाऱ्यांनी ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड न्यावं. काही वेळा पिशवी काढतात पण तिचं तोंड ठेवतात, आणि तोंड आहे तोवर तपासणीही आहे.

संबंधानंतर रक्त दिसलं किंवा पाळी कायमची गेल्यावर पुन्हा अंगावर जाऊ लागलं, तर हे वेळापत्रक बाजूला ठेवा आणि लगेच स्त्रीरोग ओपीडी गाठा. जुना निगेटिव्ह रिपोर्ट अशा वेळी कामाचा नाही.

सोबत ओळखपत्र, आधीचे रिपोर्ट आणि चालू औषधांची चिठ्ठी हवी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर बायोप्सीआधी, म्हणजे तपासायला तुकडा काढण्याआधी, सांगायलाच हवं. शेवटच्या पाळीची तारीख घरूनच लिहून न्या. फॉर्मवर तो रकाना असतो आणि टेबलापाशी नेमकी तीच आठवत नाही. नेहमीची चाचणी पाळीच्या दिवसांत नको. आधीचे 2 दिवस योनीत क्रीम वा औषध नको, संबंधही नकोत.

पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे, पण घरी बसायची परवानगीही नव्हे. पुढची पायरी बहुधा कॉल्पोस्कोपी, म्हणजे भिंगाच्या यंत्रातून पाहणी: गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक ॲसिड लावतात, संशयित भाग पांढरा पडतो, तिथून काही मिलिमीटरचा तुकडा बायोप्सीला जातो. त्याआधी संमतीपत्रावर सही लागते, वाचून करा. पेशंटची खरी गळती इथेच होते. नमुना दिला, मग रिपोर्ट घ्यायला कुणी गेलंच नाही! म्हणून निघतानाच विचारा: रिपोर्ट कधी, कुठल्या खिडकीवर, आणि तो दाखवायचा कुणाला?

कॅन्सरपूर्व बदलांवर उपचार झाले असतील तर साधारण 12 महिन्यांनी पुन्हा चाचणी. कॅन्सरच्या उपचारांनंतर पहिली 2 वर्षं सहसा दर 3 ते 6 महिन्यांनी, मग पाचव्या वर्षापर्यंत 6 ते 12 महिन्यांनी बोलावतात. मध्येच रक्तस्राव, पाय सुजणं किंवा कंबरेत सतत दुखणं सुरू झालं तर तारखेची वाट पाहू नका.

दवाखाना बदलणार असाल तर नुसता बायोप्सीचा रिपोर्ट पुरत नाही. स्लाइड (काचपट्टी) आणि ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) हेही लेखी अर्ज करून मागून घ्या.